विकलेला फुगा परत घेतला जाणार नाही

ही पाटी मीच लिहिलीय, निळ्या खडूने.
याकुत्स्कच्या मासळीबाजाराला लागून माझं दुकान.
शेजारी गोठलेले मासे बादलीत उभे असतात,
शेपट्या खाली, तोंडं वर,
सरपणासारखे.
माझे मासे चंदेरी कागदाचे, आत हेलियम.

पाटीखाली बारीक अक्षरात :
नोव्हेंबर ते मार्च फुगा रस्त्यात आक्रसेल.
त्याला हवामान जबाबदार.
बारीक अक्षर कोण वाचतं?

काल द्युलुस्तान आला. पोरीचा वाढदिवस,
सायीनाला सहावं लागलं.
नारिंगी मासा निवडला, पैसे मोजले, गेला,
आणि पाव तासात परत.
पापण्यांवर हिमाचा चुरा, हातात मासा,
पोट खपाटीला गेलेलं, अंगभर सुरकुत्या.
'भोक आहे याला.'
'नाही.'
'मग आतलं गेलं कुठे?'
'कुठेच नाही. भरले तेवढे कण आत आहेत,
पटत नसेल तर मोजून घे.'

त्याचं डोकं तापलं. साहजिक आहे.
मी आठ वर्षं शाळेत हेच शिकवत होते,
तिथेही पोरांची डोकी तापायची.

बघ, म्हटलं, हे आतले कण
सतत भिंतीवर आदळत असतात.
एकेकाचा धक्का तो काय,
मुंगीने दार ठोठवावं तसा.
पण अशा असंख्य मुंग्या, अहोरात्र,
म्हणून तर माशाला पोट.
बाहेर उणे पंचेचाळीस.
कण कागदावर आपटतो, थोडी धाव तिथेच ठेवतो,
कागद ती धुक्याला देऊन टाकतो,
कण परततो जरा दमलेला.
'म्हणजे थांबतात?'
छे. वेगाचा आठातला एक भाग गेला, बस.
अजूनही सेकंदाला किलोमीटरच्या वर पळतायत,
तुझ्या खटारा गाडीला हे जन्मात जमायचं नाही.
तेवढ्या उणिवेनेच बाहेरची हवा पोट आत ढकलते.

'गार पडले, असं सरळ सांग ना.'
एकटा कण गार नसतो रे, गरमही नसतो,
तो आपला वाटेला लागलेला असतो.
गरम हा शब्द जमावाचा आहे.

त्याने गल्ल्यावर मूठ आपटली.
ग्राहक पंचायत म्हणाला, लेखी द्या म्हणाला,
गेल्या वर्षीचा कुठलासा हीटरही काढला.
आणि मधेच काहीतरी कुरकुरलं.
आधी शेपटी सरळ झाली.
मग एक कल्ला.
मग आत गेलेला डोळा
टक् करून बाहेर आला.

द्युलुस्तान सवयीने आणखी अर्धं वाक्य बोलला.
मागे आगाफ्याबाई, काखेत दोन गोठलेले मासे,
इतक्या हसल्या की एक निसटून फरशीवर पडला,
लाकडासारखा वाजला.

नारिंगी मासा आता तुकतुकीत,
तक्रारीचा पुरावा छताकडे तोंड करून तरंगत होता.

'घरी नेताना पुन्हा असंच होणार?'
'होणार.'
'आणि घरी गेल्यावर?'
'रेडिएटरपाशी दहा मिनिटं.'
तो निघाला. दारात मी थांबवलं,
जे पाटीवर मावलं नाही ते सांगायला :
मघाशी तो सुरकुतला होता ना,
तेव्हाही दोरी वरच ओढत होती. जाणवलं?
मासा जेवढा आक्रसतो
तेवढीच बाहेरची हवा दाटते,
उचलणं काही कमी होत नाही.

तो काही बोलला नाही.
काचेवरचं हिम नखाने खरवडून मी पाहिलं :
तिसऱ्या दिव्याखाली मासा पुन्हा म्हातारा झाला.
दोरी ताठ, सरळ वर.
आणि त्या थंडीत, जिथे पाच मिनिटांत बोटं जातात,
द्युलुस्तानने एका हाताचा मोजा काढला,
दोन बोटं दोरीवर ठेवली,
क्षणभर, तपासायला,
आणि घाईने परत घातला.

दार त्याने नीट लावलं नव्हतं.
फटीतून पांढरं धुकं जमिनीसरशी आत आलं,
छताखालचे माझे सगळे फुगे
हळूहळू कुरकुरू लागले.
'अहो, दार!' आगाफ्याबाई ओरडल्या,
मासा शोधत, वाकून.