अकरानंतर पाव दर

अक्कोळ रोडला चौगुल्यांच्या तंबाखू वखारीत
हिशेबाचा कॉम्प्युटर मी सांभाळायचो.
की-बोर्ड उलटा करून आपटला
की चिमूटभर तपकीर निघायची.
जिनगोंडा मालकांनी मोडेम घेतला होता
गुंटूरचे भाव कळावेत म्हणून. कळले एकदाच,
तेही दोन दिवस शिळे.

रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात.
निपाणी झोपली की मी हुबळीचा नंबर लावायचो.
तिथल्या बुलेटिन बोर्डाला लाइन एकच,
ती धरायला माझ्यासारखे सात-आठ टपलेले.
बोटं दुखली. मग स्क्रिप्ट लिहिली, सतरा ओळींची:

नंबर फिरव.
पंचेचाळीस सेकंद थांब.
'नाव?' दिसेपर्यंत काही बोलू नको.
दिसलं की माझं नाव दे, एक एंटर.
'पासवर्ड?' आला तर तोही दे.
नाहीच आला, तर ठेव,
दोन मिनिटं दम खा, पुन्हा लाव.

आमच्या एक्स्चेंजचा एंगेज टोन
त्या परदेशी डब्याला ओळखू यायचा नाही,
म्हणून थांबण्याचं सगळं गणित मीच घातलं.
आणि घरी आई म्हणायची,
तुला मेल्या थांबणं म्हणून माहीत नाही.

मग मी पोत्यांवर आडवा.
टकटकटक आकडे, शीळ, खरखर,
आणि पहाटे पडद्यावर उतरलेली पत्रं.
बोर्डवाला स्वतःला एस. के. म्हणवायचा.
त्याच्या घरची भाषा कुठली, कधी कळलं नाही.
बाहेर पाट्यांवर डांबर फासणं चालू होतं;
आम्ही दोघं मोडक्या इंग्रजीत
फ्लॉपीच्या किमती बोलायचो.

दिवाळीनंतर एका रात्री
शिळेऐवजी स्पीकरमधून बाई बोलली:
"यार्री?"
माझा मोडेम गप्प. 'नाव?'ची वाट बघत.
"यार्री? माताड्री!"
पंचेचाळीस सेकंद. ठेवला.
दोन मिनिटं. पुन्हा.
मी पडून ऐकत होतो. उठलो नाही. हे खरं आहे.
सातव्या खेपेला ती काही विचारेना,
नुसती धरून बसली. श्वास येत होता.
माझ्या सतरा ओळींत
माणसानं उचलला तर काय, हे नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पुऱ्या दरात,
हातानं नंबर लावला. जुळवून ठेवलेल्या कन्नडात म्हटलं,
रात्रीचा तो मीच. तप्पायतु.
"निपाणीकडचे काय? मग मराठीत बोला की."
श्रीकांत पंधरवड्यापूर्वी मस्कतला गेला,
मशीन विकून. ही थोरली बहीण.
"सांगून गेला होता, रात्रीचा उचलू नको,
शिट्या वाजतात. शिट्या नव्हत्या,
म्हणून वाटलं, तोच असेल."
मग जरा थांबून:
"नाव?"

मी सांगितलं,
आणि सवयीनं गप्प राहिलो,
पुढचा प्रश्न येईपर्यंत.

सदतीस रुपये झाले.
वखारीच्या वहीत लिहिलं: गुंटूर, भाव.