प्लस मायनस दोन

अंबडच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
आम्हा सतरा पदवीधरांना मिळाला
एकेक लोखंडी ठोकळा
आणि एकेक कानस.
पिंजारी मास्तर म्हणाले, "सपाट करा."
एवढंच.

सपाट म्हणजे काय ते मला ठाऊक होतं,
आकृती काढून सातपैकी सात घेतले होते.
ठोकळ्याला त्याचं काही नव्हतं.
मी घासत गेले, तो मधे फुगत गेला,
दोन्ही कडांना उतरत गेला,
थेट पांडवलेण्याचा डोंगर.

"कानस हातानं नाही, पायानं चालते," मास्तर म्हणाले
आणि माझा डावा पाय बुटाच्या टोकानं
वीतभर पुढे सरकवला.

सरफेस प्लेटवर निळा रंग, त्यावर ठोकळा उपडा.
उचलला की ठिपके.
"जिथं निळं लागलं तिथं तू उंच आहेस.
उंच आहेस तिथंच घास."

सिडकोतल्या खोलीवर रात्री
फोडांवर हळद लावताना
आईचा फोन: काय शिकवतात गं?
सांगता येईना.
म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे.

श्रावणात कधीतरी त्यांनी मायक्रोमीटर दिला,
जपून, पराया घरचं बाळ द्यावं तसा.
"रॅचेट फिरव. तीन टकटक, बास.
रॅचेट सोडून आवळलंस
तर तुला हवं तेच माप दाखवेल."
शतांशात प्लस मायनस दोन.
मी पोचले मायनस एकवर.
त्यांनी ठोकळ्यावरून अंगठा फिरवला,
काही न बोलता
शेजारच्या भाग्येश घोटेकरकडे वळले.

सहाव्या महिन्यात फॉर्म आला:
प्रशिक्षकाचं मूल्यमापन करा, पाचपैकी.
संवादकौशल्य. सादरीकरण. साधनांचा वापर.
भाग्येश म्हणाला, "एक स्लाइड दाखवली नाही रे, तीन दे."
बावीस वर्षं ठेकेदाराच्या मस्टरवर असलेला माणूस
तेव्हा पलीकडे
आमच्या कानशींच्या दातांतला कीस
तारेच्या ब्रशनं काढत होता.

शेडच्या पंख्यानं फॉर्म फडफडू लागला.
मी माझा ठोकळा आणला, त्याच्यावर ठेवला.
बोटानं एक कोपरा दाबून पाहिला,
मग दुसरा.

डुलला नाही.

पेन अजून उघडलेलं नव्हतं.