पायाचं माप

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
कुंदा नाकाडे येते, टेप घेऊन.
घोट्यापाशी एकोणचाळीस,
पोटरीला सत्तेचाळीस.
वहीत लिहिते, मुकाट.

हत्तीपाय हा जात नाही, काका.
पहिल्याच दिवशी सांगितलं तिनं, सरळ.
वाढू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात.
मग टब मागितला, साधा साबण,
आणि माझा पाय घेतला मांडीवर.
अकरा वर्षांत ज्याला
पवनीच्या डॉक्टरनंही
फक्त पेनाचं टोक लावलं होतं.

बोटांच्या बेचक्यांतून फडकं फिरवत
एकेक फट कोरडी केली तिनं,
धानाच्या बांधीतलं पाणी काढावं तशी.
मी वर कवेलूंकडे पाहत बसलो.

आता रोज रात्री मीच धुतो.
भागरता म्हणते,
देवालाही कधी इतकं घासलं नव्हतं तुम्ही.

गेल्या मंगळवारी अडतीस भरलं.
कुंदानं पुन्हा मोजलं. पुन्हा अडतीस.
हसली नाही. टेप गुंडाळत म्हणाली,
गोवर्धन ठाकऱ्याचा पाय पाहून या एकदा,
मला दार उघडत नाही तो.

टब घेऊन निघालो.
दार माहीत आहे.
आतून कडी का लावतात, तेही.