चिमटीचा दर

पोत्याच्या तोंडातून एक मूठ,
मधून एक, बुडातून एक.
पट्टणशेट्टींची दोनशे चाळीस पोती राजापुरी,
आणि सगळ्यांच्या वतीने बोलायला
माझ्या ताटलीत ही एवढी हळकुंडं.

मी ती दळते, कागदावर ढीग करते,
पट्टीने चार भाग पाडते,
समोरासमोरचे दोन बाजूला सारते,
उरलेले मिसळून पुन्हा चार.
पाचशे ग्रॅम, अडीचशे, सव्वाशे.
काटा खाली खाली येतो,
पिवळा जागचा हलत नाही.

बी.एस्सी.च्या वहीत होतं ते, लाल शाईने अधोरेखित:
काही गुण वाटले की वाटले जातात,
काही वाटले तरी तेवढेच राहतात.
पेपरापुरतं पाठ केलं, चार मार्क मिळाले.
मार्केट यार्डात सहा वर्षं नखं पिवळी झाली
तरी मला वाटायचं, हे फक्त हळदीबद्दल आहे.

हौसाक्का ऐवळे गाळ्यांपुढची झाडलोट करते.
पोतं उसवलं, हूक निसटला, की जे सांडतं
ते तिचं. असा नियम कुठे लिहिलेला नाही,
पण हमाल त्यावरून पाय टाकत नाहीत.
परवा ती दारात आली, पदरात गाठ.
धुतलेली, वाळवलेली, सुपातून तीनदा पाखडलेली
तुकड्या-तुकड्यांची हळद.
"हिचं बी मशीनवर बघा की बाई."

नमुन्याची फी असते, पावती असते.
त्या दिवशी साहेब मिरजेला गेले होते.

मशीन बराच वेळ घुमलं.
पट्टणशेट्टींचा आकडा सकाळीच आला होता, चार पूर्णांक एक.
हौसाक्काचा आला चार पूर्णांक एक.
मी दोनदा पाहिलं,
जसं काही मशीनने कुणाचं तरी ऐकलं असावं.

"म्हंजे शेटजीची आन् माजी एकच?"
एकच, मी म्हणाले. वजन सोडून.
"वजनाचं नका सांगू, ते माज्या कमरंला ठावं हाय.
दर एकच का?"
मी म्हणाले, दर क्विंटलचा असतो, हौसाक्का.
"व्हय की. पर क्विंटलचा दर चिमटीला बी त्योच ना?
चिमटी काय कमी पिवळी हाय?"

मला उत्तर येत होतं. चार मार्कांचं उत्तर.
ते मी दिलं नाही.

मग तीच बोलत राहिली, उंबऱ्यावर बसून,
एकोणीसच्या पुराचं.
आम्ही सगळे पुलाचे फूट मोजत होतो तेव्हा
शेटजींच्या बंगल्यात आणि तिच्या खोलीत
पाण्याची रेघ एकाच उंचीला आली होती.
"पानी लई इमानदार. ह्या भिंतीला तेवढं, त्या भिंतीला तेवढं."
त्यांचं काय गेलं याची यादी चार पानी होती.
तिचं काय गेलं? तिने बोटं उघडली,
एक मिटलं, दुसरं मिटलं,
तिसऱ्यापाशी थांबली
आणि चहा आहे का विचारलं.

रिपोर्टवर मी खरंच सही केली.
नमुना देणाऱ्याच्या जागी तिचं नाव,
एकूण मालाच्या जागी: साडेतीनशे ग्रॅम.
तिने कागद वाचला नाही, वाचता येत नाही,
पण आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्योच ना?"
आणि घडी घालून रेशनकार्डात सरकवला.

संध्याकाळी मी हात धुतले.
पहिला तांब्या पिवळा, दुसरा फिका,
तिसऱ्यात नुसता भास.
हळद कुठे गेली नव्हती, पसरत होती,
मोरीतून गटारात, गटारातून कृष्णेकडे,
तेवढीच, आणि कमी कमी होत.
हे त्या वहीत होतं का आठवत नाही.

बाहेर शेवटच्या ट्रकमधून एक हळकुंड पडलं,
फरशीवर नाण्यासारखं वाजलं.
झाडू थांबला.