प्रिय भागीदार

सेमारांगच्या गल्लीत पहाटे
रुस्मिनाबाईंच्या फोनवर सगळ्यात आधी
शाम्पूची कंपनी उठते.
'प्रिय भागीदार, सुप्रभात!'
भागीदार. असं तर नवराही कधी म्हणाला नव्हता.

दुकान म्हणजे एक खिडकी.
पुड्यांच्या माळा, सुटी अंडी,
वर कंपनीनं फुकट दिलेला फलक:
कंपनीचं नाव हातभर,
बाईंचं बोटभर.

कंपनी शिकवते, गिऱ्हाईक ओळखा.
तीन मिनिटांचा व्हिडिओ. बाई पुरता बघतात,
शेवटी दहा गुण मिळतात म्हणून.
गिऱ्हाईक?
सायकलरिक्षावाला सुगेंग एक पुडी दोन अंघोळींना पुरवतो,
शिवणवाल्या वार्सितीची उधारी ईदला फिटते,
हे कुठल्या रकान्यात भरायचं?

मागच्या महिन्यात चाळीस पुड्या फुटक्या निघाल्या.
बाईंनी फोटो पाठवला. आवाजातही सांगितलं, सावकाश,
भागीदाराशी बोलावं तसं.
उत्तर लगेच आलं:
फुलांचा गुच्छ, आणि
'वाढदिवसाच्या शुभेच्छा!'

वाढदिवस नव्हताच.
नोंदणीच्या वेळी त्यांनीच टाकली होती
मनाला येईल ती तारीख.

फुटक्या पुड्यांतला शाम्पू बादलीत पिळून
त्यांनी फलक धुवायला घेतला.
आधी आपलं नाव.