ॲग्रीमेंट

काळाचौकीला मंडळाच्या खोलीत
ढाली आणि कपांच्या खाली
कॅरम भिंतीला उभा करून
त्याच्या पाठीवर मी खडूनं लिहिलं :
कर्ता आणि क्रियापद यांचं ॲग्रीमेंट.

सुगंधा नारकरनं चष्मा पुसत विचारलं,
किती रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर?

सगळ्या हसल्या. मीही.
मग सांगितलं, पुष्कळ जणी असल्या की स नामाला,
एकटी असली की क्रियापदाला.
दोघांत किल्ली एकच.
द गर्ल्स गो. द गर्ल गोज.
म्हणजे एकटीच्याच कामाला ओझं, ती म्हणाली
आणि वहीत तेच उतरवलं, नियम म्हणून.

पोळीभाजी केंद्र तिचं. दिवसाला दीडशे पोळ्या.
आपल्यात कसं असतं हो मॅडम?
मला थांबावं लागलं.
सुगंधानं पोळ्या लाटल्या. क्रियापद गेलं पोळ्यांच्या मागे.
सुगंधानं भात रांधला. ते भाताचं झालं.
सुगंधानं कर्ज फेडलं.
केलं सगळं तिनं, आणि ते
वळूनसुद्धा बघत नाही तिच्याकडे.

बरं, आणि नवऱ्यानं मला सोडलं?

लिहिलं. बघत राहिले.
हे त्याच्याही बाजूचं नाही, तिच्याही नाही.
याला भावे प्रयोग म्हणतात, मी म्हटलं.
कसला आलाय भाव,
म्हणत ती डबे भरायला गेली.

रविवारी चाळीची मीटिंग.
बिल्डरचा इंग्रजी कागद, नऊ पानं,
शेवटी अठ्ठेचाळीस भाडेकरूंसाठी अठ्ठेचाळीस रेघा.
सह्या सुरू झाल्या होत्या, चहा फिरत होता.
सुगंधा मात्र पहिल्या पानावर,
एकेका शब्दाखाली बोट,
नखात कणीक वाळलेली.
तिसऱ्या ओळीला बोट थांबलं :
ऑल द टेनंट्स ॲग्रीज.

टायपिंगची चूक हो काकी,
बिल्डरचा माणूस म्हणाला. चालतं तेवढं.

नाही चालत. सगळे म्हणायचं
आणि स ठेवायचा?
यात कबूल एकच जण आहे.
कोण तो?

कपबशा ठेवल्याचा आवाज.
समितीचे अध्यक्ष घाडीगावकर
पेनाचं टोपण लावत होते,
काढत होते,
परत लावत होते.