वीस तेत्री

ग्लदानीतल्या त्या इमारतीची लिफ्ट नाणं खाते.
वीस तेत्री टाकल्याशिवाय जागची हलत नाही.
माझ्या खिशात होतं किल्ल्यांचं जुडगं,
आणि त्यात, अजूनही, बूच काढायचा स्क्रू.

फोनवरची बाई म्हणाली होती :
शाळेच्या मागे, तिसरा जिना, आठवा मजला,
पाटी नाही, निळं पायपुसणं आहे.
मी शिरलो दुसऱ्या जिन्यात.
कुणाकडे तरी घेवडा शिजत होता, अक्रोड घालून.
एका म्हातारीनं दार किलकिलं केलं,
"मीटरवाले का?"
हो म्हणणार होतो.
त्या संध्याकाळी मीटरवाला असणं किती सोपं होतं.

याआधीचे दोन गुरुवार
मी शाळेच्या भिंतीपर्यंत येऊन परतलो होतो.
एकदा कुत्रं भुंकलं म्हणून.
एकदा कुत्रं भुंकलं नाही, तरीही.

बावीस वर्षं मी तमादा होतो.
लग्न असो, बारसं असो, कुणाचा चाळिसावा असो,
टेबलाच्या टोकाशी मी.
माझं बोलणं संपल्याशिवाय
कुणी पेला ओठाला लावायचा नाही.
गेलेल्यांसाठी. आयांसाठी.
दूरदेशी भांडी घासणाऱ्या मुलींसाठी.
जे जन्मलेच नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा,
बाटली संपायला आली की.
दणकट माणसं बाहीनं डोळे पुसायची.
सकाळी मला त्यातला एक शब्द आठवायचा नाही.

माझ्या एलिसोच्या लग्नात
टेबलाच्या टोकाशी तिनं दुसऱ्याला बसवलं.
मला दिली मधली खुर्ची,
काकांच्या रांगेत.

तर लिफ्ट.
डिलिव्हरीचं जाकीट घातलेलं एक पोरगं आत आलं,
नाणं टाकलं, "कितवा?"
"आठवा."
त्यानं एकच बटण दाबलं.
मग आठ मजले आम्ही दोघं
भिंतीवर खरवडलेली एक शिवी वाचत राहिलो.

खोलीत अकरा खुर्च्या, एक इस्त्रीचं टेबल,
चहाचे पेले, बशीत चिकट झालेली जर्दाळू.
कोपऱ्यातली बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती.
नाझीब्रोला. दंतवैद्य.
हात मांडीखाली दाबून बसलेली.
"तुम्ही माझ्या भावाच्या चाळिसाव्याला होता,
तेलावीला. तुमच्या त्या बोलण्यावर
सगळं अंगण रडलं होतं."
मी विचारलं, काय बोललो होतो मी?
ती थांबली. आठवून पाहिलं. पुन्हा पाहिलं.
"मलाही नाही आठवत."

आधी ते पोरगं हसलं. मग ती.
मग कुणीतरी इतकं हसलं की चहा सांडला
आणि फडक्यासाठी बैठक पाच मिनिटं थांबली.

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो,
सवयीनं,
आणि हात वर गेला, सवयीनं, चहाच्या पेल्यासकट.
सगळे गप्प.
सगळ्यांनाच ठाऊक होतं तो हात कुठून येतो.
"बसून बोललं तरी चालतं," म्हणालं कुणीतरी.
बसलो.
पेला जमिनीवर ठेवला, बुटाशेजारी.
नुगझार, म्हणालो. पितो मी.
बावीस वर्षांत इतकं आखूड वाक्य
माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं.
त्याच्यापुढे काही सुचेना.
कुणी वाटही पाहिली नाही. पुढचा बोलू लागला,
त्याच्या बायकोच्या शिलाई मशीनबद्दल,
जी त्यानं विकली होती.

स्क्रू अजून जुडग्यात आहे.
फेकेन म्हणतो, फेकलेला नाही.
आज बुधवार. कोपऱ्यावरच्या दुकानात पाव घेतला.
दुकानदारानं सुट्ट्यांऐवजी
नेहमीसारखी लिमलेटची गोळी पुढे सरकवली.
मी ती परत सरकवली.
नाणं द्या, म्हणालो.
तो गल्ला उचकत राहिला, कुरकुरत,
मागे रांग वाढत गेली,
मी उभा.